इंजिनाच्या अंघोळीची हवा

"जाळी कुणी लावली?" मी तिसऱ्यांदा विचारलं.

हँगरमध्ये दोन मेकॅनिक होते. दोघंही मला सोडून सगळीकडे बघत होते. एकाने पाना उचलला, पुसला आणि परत जागेवर ठेवला.

विमानाच्या नाकावर, प्रोपेलरच्या दोन्ही बाजूंना, जेवणाच्या ताटाएवढी दोन तोंडं असतात. हवा आत जायला. मी पार्ट आणायला मुंबईला गेलो होतो, तेवढ्यात त्या दोन्ही तोंडांवर कुणीतरी जाळी ठोकली होती. डास येऊ नयेत म्हणून खिडकीला लावतात ती. तीसुद्धा दोन पदरी. कडेने पत्र्याची पट्टी, त्यावर रिव्हेट एका ओळीत. काम अगदी सफाईदार होतं, त्यामुळे माझा राग जास्तच भडकला. धड कामच येत नसतं तर समजलो असतो.

"म्या लावाया सांगितली," मागून आवाज आला. "का वो? बिघडलं काय?"

आबा दारात उभे होते. आबा म्हणजे आमचे मालक. पिंपळीचे. पाइपलाइनच्या कामांवर आणि ट्रॅक्टरच्या धंद्यावर त्यांनी बक्कळ कमावलं होतं. नव्वदच्या दशकात बारामतीला धावपट्टी झाली आणि आबांनी कुठूनसं एक जुनं चार सीटचं विमान आणलं. हौस होती. त्या काळी आमच्याकडे लग्नात आकाशातून पुष्पवृष्टी करायची टूम निघाली होती. नवरानवरीच्या डोक्यावर विमानातून पाकळ्या पडल्या की सोयरेधायरे वर्षभर त्याचंच बोलत. आबांचं विमान मुख्यतः हेच काम करायचं.

मी तिथे एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनियर होतो. विमान दुरुस्त करणारा, आणि ते उडायला लायक आहे असं लिहून सही करणारा. त्या सहीशिवाय विमान जमिनीवरून हलवायचं नाही, असा कायदा आहे. निदान कागदावर.

"आबा, ही जाळी काढायला लागेल," मी म्हणालो.

"का? परवा अंथुर्ण्याला तात्यांच्या पोरीचं लगीन हाय. दोन पोती पाकळ्या टाकायच्यात वरनं. एखादी इंजिनात शिरली म्हंजी? आमच्या समद्या ट्रॅक्टरला फुडं जाळी हाय. पाचट उडतंय, भुस्कट उडतंय, पर एक काडी आत जात न्हाय. आन् तुमच्या एवढ्या भारी इमानाला साधी जाळी न्हाय?"

हा मुद्दा आबांच्या बाजूने बघितला तर वेडगळ नव्हता. उसाच्या फडात ट्रॅक्टर फिरतो तेव्हा वाळका पाला उडून रेडिएटरवर बसतो. जाळी नसेल तर रेडिएटर बुजतो. म्हणून आमच्या भागात नवा ट्रॅक्टर आला की आधी नारळ फोडतात आणि मग जाळी लावतात. पण ट्रॅक्टरच्या पोटात पाणी असतं. पाणी इंजिनाची उष्णता घेतं, रेडिएटरमध्ये येतं, मागचा पंखा हवा ओढतो, पाणी गार होतं. विमानाच्या या इंजिनात पाण्याचा थेंब नसतो. चार सिलिंडर, त्यांच्या अंगाला पातळ पातळ पत्र्यासारख्या पाती, आणि त्या पातींमधून वाहणारी हवा. बस. हवा थांबली की इंजिन भाजून निघतं.

हे मी आबांना सांगितलं. जमेल तितकं गोड बोलून सांगितलं.

"पंखा तर फुडंच हाय की एवढा मोठा!" आबांनी प्रोपेलरकडे बोट दाखवलं.

"तो विमान ओढायला आहे, आबा. त्याची मधली बाजू हवा फारशी ढकलतच नाही. विमान पुढे पळतं तेव्हा त्या वेगाने हवा या तोंडांतून आत घुसते. वेग कमी, हवा कमी. आणि लग्नावर तुम्ही विमान कसं फिरवणार? खाली आणि सावकाश. भर उन्हाळ्यात, भर दुपारी."

"पंकज!" आबांनी हाक मारली. "ये बाबा. सांग ह्यांना."

पंकज आबांचा पुतण्या. पुण्याहून मेकॅनिकल इंजिनियरिंग करून नुकताच आलेला. इस्त्रीचा शर्ट, खिशात कॅल्क्युलेटर. पोरगा वाईट नव्हता, हे आज म्हणू शकतो. त्या दिवशी म्हणू शकलो नसतो.

"सर, मी एअरफ्लो रिक्वायरमेंट कॅल्क्युलेट केलीय," तो म्हणाला. "जाळीतून हवी त्याच्या कितीतरी जास्त हवा जाते. सेफ आहे."

"दाखव."

मी त्याच्या हातात खडू दिला. हँगरच्या फरशीवर त्याने उकिडवं बसून हिशेब मांडला. इंजिनाची चारही सिलिंडर मिळून जवळजवळ सहा लिटरची. जास्तीत जास्त फेरे मिनिटाला सत्तावीसशे. फोर स्ट्रोक इंजिन, म्हणजे प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच हवा आत ओढतं. म्हणून भागिले दोन. सिलिंडर कधीच काठोकाठ भरत नाही, म्हणून पंच्याऐंशी टक्के. उत्तर आलं मिनिटाला सुमारे पावणेसात हजार लिटर. म्हणजे सेकंदाला एकशेदहा लिटरच्या आसपास.

हिशेब बरोबर होता. एक आकडासुद्धा चुकला नव्हता.

"ही कुठली हवा काढलीस?" मी विचारलं.

"म्हणजे? इंजिनला लागणारी हवा."

"कशाला लागणारी?"

त्याने खडू खाली ठेवला. मग म्हणाला, "फ्युएल जाळायला."

"ती हवा कुठून आत जाते ते मला दाखव."

तो उठला, विमानापाशी गेला आणि वरच्या दोन तोंडांकडे हात केला. मी त्याचा हात धरून खाली आणला. नाकाच्या खाली आणखी एक छोटं तोंड असतं. त्याला आधीपासूनच स्वतःचा फिल्टर असतो. इंजिन श्वास घेतं ते तिथून. ज्या दोन तोंडांना यांनी जाळी ठोकली होती, त्यांतून इंजिन एक घोटही पीत नव्हतं.

माझा आवाज चढला. चढायलाच हवा होता. "ही प्यायची हवा झाली," मी म्हणालो. "अंघोळीची कुठाय? तुमच्याकडे उन्हाळ्यात टँकर येतो तेव्हा माणशी प्यायचं पाणी मोजून तेवढंच मागवता का? अंघोळ, भांडी, धुणं कोण मोजणार?"

मी खडू घेतला आणि त्याच्या हिशेबाच्या शेजारी माझा मांडला. इंजिन एकशेऐंशी घोड्यांचं. जेवढी ताकद प्रोपेलरला जाते त्याच्या साधारण निम्मी उष्णता सिलिंडरच्या अंगातून हवेने उचलून न्यायची असते. बेचाळीस अंशांची हवा आत येणार. ती पातींमधून जाताना साठ-पासष्ट अंशांनी तापली तर चालतं, त्याहून जास्त नाही. वर आपली हवा उन्हामुळे पातळ झालेली. सगळं धरून उत्तर येतं सेकंदाला एक हजार लिटर. घरावर पाण्याची काळी टाकी असते ना, तेवढी हवा. दर सेकंदाला एक टाकी. पंकजने काढली त्याच्या नऊपट.

"आता तुझ्या जाळीचं बघ," मी म्हणालो. "तारांनीच एका पदरात तिसरा हिस्सा जागा खाल्लीय. दुसऱ्या पदराने उरलेल्यातली तेवढीच. निम्म्याहून कमी तोंड उघडं राहिलं. त्यात वेग निम्मा झाला तर हवेचा जोर निम्मा होत नाही, पाव होतो. पाव जोराने निम्म्या भोकातून एक टाकी हवा कशी जाणार, सांग."

पंकज फरशीकडे बघत होता. त्याला समजलं होतं. त्याच्या मानेवरून घाम ओघळत होता आणि त्याने कॅल्क्युलेटर खिशात ठेवला होता. तो "बरोबर आहे" म्हणाला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण शेजारी चुलता उभा होता, चुलत्याने त्याला शिकवलं होतं, आणि दोन मेकॅनिक ऐकत होते.

"सर, तुम्ही फारच कन्झर्व्हेटिव्ह फिगर घेताय," तो म्हणाला.

आबांना एवढंच पाहिजे होतं. "बघा. शिकलेलं पोरगं सांगतंय. कोकरे, तुमचे वडील निरवांगीच्या माळावर मेंढरं वळायचे. तुमी शिकलात, आमाला कवतिक हाय. पर दर गोष्टीत मोडता घालाया लागलात तर कसं व्हायचं?"

माझे वडील मेंढरं वळायचे हे खरं आहे. मी कधी लपवलेलं नाही. पण ते वाक्य कुठल्या वेळी आणि कशासाठी काढलं जातं हे मला शाळेपासून पाठ आहे. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"इंजिन चालू करून दाखवतो," मी म्हणालो. "मग बोलू."

विमान बाहेर काढलं. चाकांना उटी लावली, शेपूट बांधली. कॅप्टन सोहोनींना बोलावून घेतलं. सोहोनी आमचे पायलट. साठीला टेकलेले, पुण्याचे, बोलणं मोजकं. पायलटला ठरावीक काळाने डॉक्टरी तपासणी द्यावी लागते, त्यात नापास झाला की उडणं बंद. सोहोनींचं ब्लडप्रेशर काठावर होतं. "अजून दोनेक वर्षं ओढीन," असं ते म्हणत. बायको गेलेली, मुलगा परदेशात. बारामतीत एका खोलीत राहायचे, कारण या वयात त्यांना विमान देणारा दुसरा कुणी नव्हता.

त्यांनी इंजिन चालू केलं. पॅनेलवर सिलिंडरचं तापमान दाखवणारा एक काटा असतो. जाळी नसताना तो जिथे येऊन थांबायचा, तिथे तो थांबला नाही. लाल रेघेकडे निघाला. सोहोनींनी इंजिन बंद केलं आणि माझ्याकडे बघून नकारार्थी मान हलवली.

"उबं ठिवून चालवल्यावर तापणारच की," आबा म्हणाले. "पळतीचा वारा लागला की गार हुतंय. मोटारसायकल न्हाय का?"

मी पत्रा कापायची कात्री घ्यायला हँगरमध्ये गेलो. आबा माझ्या आधी आत पोचले. "त्या जाळीला हात लावायचा न्हाय," ते म्हणाले, आणि मेकॅनिककडून हँगरच्या किल्ल्या घेऊन त्यांनी बंडीच्या खिशात टाकल्या.

"मग मी सही करणार नाही."

"नका करू. जगात तुमी एकलेच हाय व्हय?"

नव्हतो. दुसऱ्या दिवशी एक गृहस्थ गाडीतून आले. माझ्याकडे आहे तसंच लायसन त्यांच्याकडे होतं. त्यांनी ऑफिसात मटणाचं जेवण केलं, पान खाल्लं आणि सही केली. विमानाच्या जवळही गेले नाहीत. हँगर तिथून हाकेच्या अंतरावर होता. उन्हात चालायचा कंटाळा आला असेल. मी आजही त्या माणसाचं नाव घेत नाही. घेतलं तर तोंडातून दुसरंही काहीतरी निघेल.

मी एसटीडी बूथवर जाऊन मुंबईच्या विमान खात्याच्या कार्यालयात फोन लावला. शनिवार होता. घंटा वाजत राहिली. लग्न रविवारचं.

मग सोहोनींच्या खोलीवर गेलो.

"तुम्ही नाही म्हणा," मी म्हणालो. "पायलट नाही म्हणाला तर विषय संपतो."

"विषय नाही, मी संपतो," ते म्हणाले. "आबांनी सकाळीच सांगितलंय. तुम्ही नसाल तर नांदेडहून एक पोरगा येतोय. त्याला या इंजिनाचा अनुभव शून्य. त्याला बसवू का त्यात?"

"दोघांनीही बसू नका."

"कोकरे, माझ्याकडे फार उड्डाणं उरलेली नाहीत हो." त्यांनी चहाचा कप माझ्यापुढे सरकवला. "असं करतो. जमिनीवर इंजिन चालू ठेवून थांबणार नाही. तिथे जायचं, दोन चकरा, पाकळ्या, परत. काटा लाल रेघेच्या आसपास गेला की लग्न राहिलं बाजूला, मी वळणार. चालेल?"

मला चालणार नव्हतं. पण एक गोष्ट राहिली होती, ती सांगितली. "कॅप्टन, तो काटा एकाच सिलिंडरचा आहे. उजवीकडच्या मागच्या. बाकीच्या तिघांचं काय चाललंय ते तुम्हाला दिसणार नाही."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "वास येईल."

रविवारी मी घरी बसू शकलो नाही. मोटारसायकल काढली आणि अंथुर्ण्याला गेलो. तात्यांच्या शेतातच मांडव होता. एवढा मोठा, की या टोकाचा आचारी त्या टोकाच्या आचाऱ्याला ओळखत नसावा. ठरलं असं होतं, की शेवटचं मंगलाष्टक सुरू झालं की मांडवामागून एक रॉकेट उडवायचं. ते बघून सोहोनींनी मांडवावर यायचं आणि मागच्या सीटवर बसलेल्या पंकजने पोती रिकामी करायची. होय, पंकज स्वतः गेला होता. चुलत्याने पाठवलं की पोराला जायची हौस होती, ते मला माहीत नाही.

विमान वेळेवर आलं. लग्न वेळेवर आलं नाही.

आमच्याकडच्या लग्नात मुहूर्त पत्रिकेत असतो आणि पुढारी माइकवर असतात. स्टेजवर शुभाशीर्वाद चालू होते. एक पुढारी बोलून झाले की दुसऱ्यांचं नाव पुकारलं जायचं. मग तिसऱ्यांचं आगमन व्हायचं, मग त्यांचा फेटा बांधणं, मग त्यांचे शब्द. वर विमान घिरट्या घालत होतं. खालून पोरंटोरं टाळ्या पिटत होती, आणि पंकज त्यांना गंमत म्हणून दर चकरेला मूठ मूठ पाकळ्या सोडत होता. विमान गोल फिरून परत त्याच पाकळ्यांतून जात होतं. मी मान वर करून चकरा मोजत होतो. दोन चकरा कधीच होऊन गेल्या होत्या. सोहोनी वळत का नव्हते? नंतर कळलं, काटा रेघेच्या अलीकडेच होता. उजवीकडच्या सिलिंडरचा काटा.

मी स्टेजच्या मागे गेलो. आबा फेटा सावरत उभे होते.

"आबा, एक तर रॉकेट उडवा, नाहीतर विमान परत पाठवा. बस झालं."

"नवरी अजून भाईर आली न्हाय. पाकळ्या कुणाच्या टकुऱ्यावर टाकू? माज्या?"

"इंजिन जळेल!"

"हळू बोला. सायेब भाषण करत्यात."

इंजिनाचा आवाज मी लांबून ओळखतो. आई लेकराचं रडणं ओळखते तसा. पुढच्या चकरेला त्या आवाजात एक बारीक कडकड मिसळली होती. मांडवात हजारो माणसं बसली होती. बायका, म्हातारी, दूधपिती पोरं. त्यांच्या डोक्यावर ते विमान होतं.

मी आणखी काही विचारलं नाही. मांडवामागे गेलो, रॉकेटपाशी बसलेल्या माणसाच्या हातातून उदबत्ती हिसकावली आणि वात पेटवली. साहेबांचं "या उभयतांना" एवढंच बोलून झालं होतं. रॉकेट फुटलं. विमान मांडवावर आलं आणि दोन पोती पाकळ्या साहेबांच्या फेट्यावर, माइकवर आणि आमटीच्या पातेल्यांत पडल्या. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. बँडवाल्याला वाटलं लग्न लागलं, त्याने वाजवायला सुरुवात केली. आबा माझ्याकडे धावत आले आणि त्यांनी माझ्यासाठी जे शब्द वापरले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. मी ऐकत नव्हतो. विमान बारामतीच्या दिशेला वळलं होतं. मग ते परत डावीकडे वळलं, खाली गेलं, आणि आवाज बंद झाला.

मोटारसायकलवरून मी निरवांगीच्या बाजूला गेलो. सोहोनींनी इंजिनाची निम्मी ताकद गेल्यावर एवढंच पाहिलं की खाली घर नाही, तार नाही, माणूस नाही. माळावर उतरवलं. माळ सपाट होता, पण शेवटी एक बांध आडवा आला. पुढचं चाक मोडून विमान नाकावर टेकलं होतं. एक धनगर मेंढरं गोळा करत होता आणि मोठमोठ्याने कुणाला तरी शिव्या देत होता. मला त्याचा राग आला नाही. त्या दिवशी शिव्या देण्यात तोच एकटा शहाणा होता.

पंकज बांधावर उभा होता. अंगावर खरचटलंसुद्धा नव्हतं, पण त्याचे दात वाजत होते. सोहोनी पंखाखाली सावलीत आडवे होते.

"पाय हलतायत," मला बघून ते म्हणाले. "पाठीचं काही खरं नाही. कोकरे, वास आला हो. पण उशिरा आला."

पंकजला मी गावात पिटाळलं, अंथुर्ण्याहून जीप आणायला. ती येईपर्यंत नाकावरचं झाकण उघडलं. डाव्या बाजूचं पुढचं सिलिंडर तडकलं होतं. रंग पार उडालेला, पाती निळ्या पडलेल्या. मग मी जाळी बघितली. डाव्या तोंडावरची जाळी दिसतच नव्हती. तिच्यावर झेंडूच्या पाकळ्या एकावर एक चिकटून बसल्या होत्या. सारवल्यासारख्या. हवेला जायला सुईएवढी फट नव्हती. जाळी नसती तर त्या पाकळ्या पातींमधून गेल्या असत्या, वाळल्या असत्या आणि खालून बाहेर पडल्या असत्या. इंजिनाला पत्ताही लागला नसता.

जीप आली. आबा उतरले, मागोमाग आमचे दोन्ही मेकॅनिक. आधी विमानाकडे गेले, मग सोहोनींकडे. हा क्रम माझ्या लक्षात राहिला आहे. विमानाच्या नाकापाशी वाकून त्यांनी ती जाळी नीट बघितली. बोटाने एक पाकळी खरवडून काढली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बघा इंजिनियर, डोळं उघडून बघा. समद्या हितंच अडकल्यात. जाळी नसती तर ह्या आत गेल्या असत्या, आन् आज आमाला दोन मढी उचलाया लागली असती."

पंकज म्हणाला, "आबा, तसं नाहीये." त्याचा आवाज इतका बारीक होता की मला ऐकू आला हेच नवल.

"तू गप. तुला मार लागलाय." आबा मेकॅनिककडे वळले. "फुडच्या टायमाला ह्याच्याहून बारीक घ्या रं. कडंनं दोन-चार गेल्याच असत्याल. म्हणूनच तापलं."

मी त्यांच्या अंगावर गेलो नाही, कारण सोहोनींना उचलायला दोन हात कमी पडत होते.

सोहोनींच्या पाठीचा मणका दबला होता. चालायला लागले, पण डॉक्टरी तपासणीत नापास झाले आणि त्यांचं उडणं त्या दिवशीच संपलं. बारामतीची खोली सोडून पुण्याला गेले. मी भेटायला जायचो तेव्हा ते गच्चीत खुर्ची टाकून बसलेले असत, आणि वरून विमान गेलं की बोलता बोलता थांबत. त्यांनी मला कधी दोष दिला नाही, आबांनाही दिला नाही. मी दिला, अजून देतो. माणसाला आपली चूक कळली नाही हे मी समजू शकतो. तिच्यावर फेटा बांधून मिरवतो त्याला कशी माफी द्यायची?

आबांनी ते विमान दुरुस्त केलं नाही, भंगारात विकलं. पण जाळीने दोन जीव वाचवल्याची गोष्ट ते प्रत्येक लग्नात सांगत राहिले. मीही नोकरी सोडली. सोडली म्हणजे सोमवारी गेलो, हत्यारांची पेटी उचलली आणि निघालो. कुणी थांबवलं नाही. पंकज फाटकापर्यंत आला. त्याला काहीतरी बोलायचं होतं, ते त्याच्याने झालं नाही. मीही त्याला मदत केली नाही.

त्यानंतर मी बऱ्याच ठिकाणी काम केलं. नोकरीच्या मुलाखतीत आधी ते मला प्रश्न विचारतात, मग मी एकच विचारतो: मी सही करायला नाही म्हणालो तर विमानाचं काय करता? "उभं राहील" असं उत्तर आलं तर पुढचं बोलतो. "तसं होणार नाही हो, आपण काहीतरी मार्ग काढू" असं आलं, तर समोर ठेवलेला चहा पितो आणि निघतो. चहा तेवढा सगळीकडे चांगला देतात.